टोपीवाल्याचा पहिला खड्डा

४ सप्टेंबर, गुरुवार

भडास काढावी तर घरात माणूस एकच, आणि भांडण त्याच्याशीच. म्हणून ही वही.

बद्रीदादाला इथं येऊन महिना होत आला. जूनमध्ये त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय बराच सुधारलाय, काठी घेऊन घरातल्या घरात फिरतो. बोलणं एकेका शब्दाचं. पण उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. वैजापुरात रोज घरी येऊन व्यायाम घेणारं कुणी मिळेना, म्हणून वहिनीनं त्याला माझ्याकडं औरंगाबादला, गारखेड्यात आणून ठेवलं. जाताना म्हणाली, "ताई, हात चालू झाला की त्याच दिवशी घेऊन जाते बघा. तोवर तुम्हाला तरास." मी म्हटलं, तरास कसला, घर मोकळंच पडलंय.

मोकळं होतं तेच बरं होतं. निशा म्हणून फिजिओथेरपीवाली मुलगी येते, तिनं रबराचा चेंडू दिलाय. दिवसभर दाबायचा. दादा दाबत नाही. टीव्हीकडं तोंड करून बसतो आणि चेंडू सोफ्याखाली. आज परत वाकून काढला आणि म्हटलं, "तुला बरं व्हायचंय का नाय? सांग एकदा, म्हणजे मी पण सुटले." तर म्हणतो, "जेवली?"

रोज संध्याकाळी एवढंच विचारायला येतं त्याला. व्हय म्हटलं आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या भाकरीचा कोरका तोंडात टाकला. जेवायचं टेबल मागच्या वर्षीच तनुजाला पुण्याला देऊन टाकलं. एकटीला काय करायचंय टेबल.

७ सप्टेंबर, रविवार

तनुजाचा फोन. लेकीला मी चेंडूचं रडगाणं सांगितलं तर म्हणाली, "आई, मामाला गेम दे ना. तुमच्या क्लासातले ते डॉसचे गेम आता ब्राउझरमध्ये चालतात. काही टाकावं लागत नाही, साइट उघडायची की खेळ चालू. बोटं आपोआप हलतील."

आधी हसले. मग भांडी घासताना तेच डोक्यात घोळत राहिलं.

क्रांती चौकाच्या मागं, एका औषधाच्या दुकानावर आमचा क्लास होता. दादा सर, मी मॅडम. काळ्या पडद्यावर डॉसच्या कमांडा शिकवायचो. रंगीत मॉनिटर एकच. शेवटच्या अर्ध्या तासात त्यावर खेळायची परवानगी, आणि खेळ ठरलेला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पोरं त्याला टोपीवाला म्हणायची. लाल टोपीचा एवढासा माणूस किल्ल्यात शिरतो, खड्डे ओलांडतो, किल्ल्या गोळा करतो. मागं स्टुलांवर पोरांची रांग, आणि दादाचा नियम एकच. आऊट झाला की खुर्ची सोडायची. मग कुणी कितीही गयावया करो.

दादाला स्वतःला तो खेळ कधी आला नाही. बसला की पहिल्याच खड्ड्यात, आणि लगेच उठला. पोरं म्हणायची, सर, तुमच्या टोपीवाल्याला चष्मा लावा. मी मात्र सापांच्या भुयारापर्यंत जायची. क्लासात माझ्या तोडीचं कुणी नव्हतं, हे आपलं लिहून ठेवते.

यात उजव्या हातानं बाणाची कळ दाबून धरायची आणि डाव्यानं स्पेस. बाण धरला नाही तर टोपीवाला जागच्या जागी उडतो आणि पुढच्या पावलाला खड्ड्यात. म्हणजे उजव्या हाताला सुटकाच नाही. चेंडूपेक्षा हे बरं. लागेल कामाला आणि जाईल आपल्या घरी एकदाचा.

९ सप्टेंबर, मंगळवार

ज्यानं कुणी ही साइट केली त्याला समोर बसवून ती चालवायला लावली पाहिजे.

आधी जाहिरात. ती बंद करायची फुली एवढी बारीक की दाबायला जावं तर दुसरीच जाहिरात उघडते. मग खेळ आला, तर टोपीवाला इतका पळतोय की डोळ्याला दिसेना. जुना खेळ नव्या मशिनवर असाच पिसाळतो, हे मी स्वतः शिकवलेलं आहे, तरी वेग कमी करायची जागा सापडेपर्यंत चहा गार झाला. मग स्पेस दाबली. टोपीवाल्यानं उडी मारायच्या ऐवजी अख्खं पान खाली सरकलं. परत वर आणलं, परत स्पेस, परत खाली. टोपीवाला वर खड्ड्यात आणि आम्ही खाली बुटांच्या जाहिरातीत. दादा गालातल्या गालात हसत होता. आता एकाच गालात हसतो. मी म्हटलं, "हसू नको, तुझ्यासाठीच मरमर चाललीय."

पान कसंबसं जागेवर बसवलं तर खेळानं किल्लीचं चित्र दाखवून आकडा विचारला. हे विसरलेच होते. खेळाची चोरून कॉपी होऊ नये म्हणून सोबत छापील पुस्तिका यायची, कुठल्या किल्लीचा कुठला आकडा ते तिच्यात असायचं. ती पुस्तिका औरंगाबादेत आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. फ्लॉपी हातोहात फिरायची आणि आकडे सगळ्यांना पाठ. मला आज एक आठवेल तर शपथ. वैतागून लॅपटॉप मिटायला गेले तर दादाचा डावा हात मधे आला. त्यानं आकडा दाबला आणि किल्ल्याचं दार उघडलं.

ज्या माणसाला सकाळी स्वतःच्या पोराचं नाव जुळवता जुळवता घाम फुटतो, त्याला हे आठवलं. मी लॅपटॉप परत पुरता उघडला.

मग त्याचा उजवा हात उचलून मी बाणावर ठेवला. टोपीवाला गेला पहिल्या खड्ड्यात. "आऊट," दादा म्हणाला. हा नवा शब्द. काठी धरून उठला आणि खुर्ची मला दिली. म्हटलं, अरे व्यायाम तुझा आहे, माझा नाय. ऐकेल तर दादा कसला. शेवटी मी खेळले. जरा जास्तच खेळले असणार, कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत आणि वरण करपलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज लॅपटॉप गच्चीवरून फेकायचाच राहिला.

या खेळात एफ-फाइव्ह दाबलं की खेळ जिथल्या तिथं साठवला जातो. ब्राउझरमध्ये एफ-फाइव्ह दाबलं की पान नव्यानं उघडतं. दादा पहिल्या खड्ड्यात जाऊन मोकळा झाला होता, मी बसले होते. आज हात बसला होता माझा. सापांच्या भुयाराच्या तोंडाशी पोचले, खूश होऊन जुन्या सवयीनं एफ-फाइव्ह दाबलं, आणि सगळं पांढरं. परत जाहिरात, परत किल्लीचं चित्र. लॅपटॉपच्या टेबलावर हात आपटला तर दादा दचकला.

चार दिवस हेच. तो बसतो, पडतो, उठतो. एक दिवस तो खड्डा ओलांडेल तर शपथ. त्याला म्हटलं, "लहान पोरं ओलांडतात रे." तर खुर्चीकडं बोट दाखवतो, तू बस म्हणून. काय करावं या माणसाचं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

राजकुमार येऊन गेला. क्लासाच्या सुरुवातीच्या बॅचचा, आता क्रांती चौकात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. मीच फोन केला होता. येताना जुना लांब कीबोर्ड घेऊन आला. "लॅपटॉपच्या कळांवर सरांची बोटं बसायची नाहीत, मॅडम." पान सरकायचं बंद करून दिलं, खेळ साठवायला दुसरी कळ लावून दिली. अर्ध्या तासाचं काम, आणि मी आठवडा वाया घालवला. आठवलं तरी चीड येते.

चहा पिताना म्हणाला, "सर पहिल्या खड्ड्यात जायचे ते येत नव्हतं म्हणून थोडंच. मला सहाची एसटी धरायची असायची. माझा नंबर लांब असला की सरच माझ्या पुढच्याला उठवून बसायचे, आणि दोन मिंटात आऊट. मग बस राजकुमार."

काहीतरीच. दादा आणि मुद्दाम हरणार? पत्त्यांत हरला तरी तोंड फुगवून बसायचा. दादाला विचारलं, व्हय का रे? तो खिडकीबाहेर बघत होता, ऐकलंच नाही जणू.

२० सप्टेंबर, शनिवार

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. मागच्या अंगणात पाइप धरून उभं राहायचं, टाकी भरायची, पिंपं भरायची, सगळी सकाळ त्यातच जाते. दादाला कीबोर्डपाशी बसवून गेले होते, निदान कळांवर हात तरी ठेव म्हटलं.

आत येऊन बघते तर दादा खुर्चीत डोळे मिटून बसलेला, आणि खेळाच्या पडद्यावर साठवलेला खेळ दाखवतोय, पाचवी पायरी, म्हणजे लेव्हल. मी पाचव्या पायरीवर साठवलेलंच नाही. दादाचं तर नावच सोडा. म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी खेळ माझ्या ब्राउझरमध्ये येऊन बसलाय. आज कुणाचा खेळ आला, उद्या बँकेचा पासवर्ड जाईल. त्या साइटवर तक्रारीचा रकाना होता, त्यात खरमरीत लिहिलं. उत्तर येणार नाही हे माहीत असताना लिहिलं.

आणि मशिन साफ केलं. हिस्ट्री, कॅश, कुकी, सगळं. ते तर रोज संध्याकाळीच करते. क्लासाचा पुढं नेट कॅफे झाला तेव्हापासून हाताला सवयच आहे, उठणाऱ्यानं मागच्याला मशिन कोरं द्यायचं. मी कळा दाबत होते तर दादा म्हणाला, "नको." म्हटलं नको काय, तुझाच तर नियम होता. परत म्हणाला, "नको, संध्ये." साफ न करता ठेवलं की काय काय होतं ते मी त्याला सविस्तर सांगितलं. 

२४ सप्टेंबर, बुधवार

पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. हे गेल्यापासून दरवेळी कसला तरी कागद कमीच असतो. परत आले तर दादाच्या सदऱ्याची सगळी बटणं लावलेली, गळ्यापर्यंत. सकाळी घाईत मी दोनच लावली होती. निशा लवकर येऊन लावून गेली असेल म्हटलं. निशा तर दुपारी आली. मग शेजारच्या काकू डोकावल्या असतील.

निशानं आज त्याची बोटं दाबून बघितली, आपल्या हातात धरायला लावली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. दादाकडं बघितलं. दादानं मान हलवली. मी विचारलं, काय म्हणतो हात? त्याचा हात मांडीवर ठेवून म्हणाली, "चाललंय हळूहळू. घरी न्यायची घाई करू नका, काकू. आणि तुम्ही पण बसता ना सोबत खेळायला?"

"व्यायाम त्याचा आहे, माझा नाही."

"नाही, पण बसत जा."

आजकालच्या पोरींना आपलं काम सोडून बाकी सगळं कळतं. मी बसतेच की. तो मला बसवल्याशिवाय राहतोय का? दुपारचे दोन तास जातात त्यात. आज भुयाराचं दुसरं वळण गाठलं आणि तोंडातून "हाण तेच्यायला" निघालं, तर दादा असा काही हसला की त्याला ठसका लागला. पाठ चोळून द्यावी लागली.

२८ सप्टेंबर, रविवार

अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये.

वहिनी आली होती वैजापुराहून. डबा भरून शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ, दादाचे धुतलेले सदरे. आल्या आल्या, "हात कसाय?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, बघाच तुम्ही. निशाच्या व्यायामाला मी कशी जोड दिलीय ते दाखवायचं होतं ना. दादाला खुर्चीत बसवलं, हात बाणावर ठेवला, वहिनीला शेजारी स्टूल दिलं.

टोपीवाला खड्ड्यात. परत. परत खड्ड्यात. उजवा हात कळेवर मेल्यासारखा. मी कानाशी ओरडतेय, "दाब की, दादा, धरून ठेव," आणि तो शांतपणे म्हणतो, "आऊट." वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "राहू द्या ताई, का छळता. त्यांच्या नशिबात असंल तवा हुईल." म्हणजे मी छळते. इथं जीव चाललाय माझा आणि मी छळते.

वहिनी जाताना दारात थांबली. तिकडं दुकान, बी-बियाण्याचा हंगाम, सगळं पोरावर पडलंय. "सांच्याला दुकान मिटवून आलं की घर खायला उठतं, ताई. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला ठावंच हाय." मी म्हटलं, मला नाय ठाऊक, मला वेळच नसतो. 

तिची गाडी गेल्यावर दादाशी बोलले नाही. संध्याकाळी त्यानं विचारलंच, "जेवली?" म्हटलं, व्हय, पोटभर.

२ ऑक्टोबर, दसरा

दादानं सोनं डाव्या हातानं दिलं आणि मग डोक्यावर हात ठेवला. तोही डावाच.

वहिनीचा सकाळी फोन झाला. दिवाळीला तरी माणूस घरी यावा म्हणून देवीला बोलून ठेवलंय म्हणे. मी म्हटलं, येईल हो, मी लागलेय ना मागं. फोन ठेवल्यावर उगाच कपाट आवरायला काढलं. दिवाळीत यंदा फराळाचं काही करायचं नाही असं ठरवलंय, एकटीसाठी कोण तळत बसतंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे बघितलं ते लिहून ठेवते.

नळाला पाणी आलं आणि अंगणातली खालची टाकी अर्धी होते न होते तोवर गेलं. एरवी सकाळ खाणारं पाणी आज तासाभरातच गेलं. शिव्या घालत चपला काढल्या आणि रिकामी बादली घेऊन मागच्या दारानं आत आले. बाहेरच्या खोलीतून खेळाचा तो पिपाणीसारखा आवाज येत होता. आवाज थांबत नव्हता. पहिल्या खड्ड्यात पडल्यावर एक रडका सूर वाजतो, तो वाजतच नव्हता.

दारातून बघितलं. दादा माझ्याकडं पाठ करून बसलेला. डावा अंगठा स्पेसवर. आणि उजवा हात बाणांवर. मी ठेवलेला नाही, त्याचा त्यानं ठेवलेला. मधलं बोट जरा वाकडं, पण कळ दाबून धरत होतं, सोडत होतं, परत धरत होतं. टोपीवाला उडी मारून पलीकडं, दोराला लटकून अजून पलीकडं. सापांचं भुयार कधीच मागं पडलं होतं. पडद्यावर निळा किल्ला होता, खाली पाणी, वर चांदण्या. हा किल्ला मी जन्मात पाहिलेला नाही. मला माहीतच नव्हतं भुयाराच्या पुढं काय आहे ते. आणि हा तिथं घरच्यासारखा फिरत होता.

माझ्या हातातली बादली दाराला लागली. दादानं मान वळवली. उजवा हात कळांवरून घसरून मांडीवर येऊन पडला, पहिल्यासारखाच. टोपीवाला पाण्यात. "आऊट," म्हणाला, आणि काठी चाचपडायला लागला, खुर्ची सोडायला.

मग माझं तोंड सुटलं. लबाड म्हटलं, नाटक्या म्हटलं. "मी सोफ्याखाली वाकून वाकून कंबर मोडून घेतली. त्या बाईपुढं माझी शोभा केलीस. ती तिकडं देवीला बोललीय तुझ्यासाठी, आणि तू इथं हात लपवून बसलास? का म्हणून? बोल की."

दादाचे ओठ हलले. खूप वेळ हलले. मग म्हणाला, "तू. एकटी."

आणि ओट्याकडं बघितलं. ओट्यावर माझं सकाळचं ताट होतं, अर्धी भाकरी वर दुसऱ्या ताटलीनं झाकलेली. कालचंही तिथंच असेल, मी बघितलं नाही.

मी म्हटलं, मला सवय झालीय, मला कुणाची गरज नाय. असं म्हणून न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि नळ सोडला, म्हणजे रडणं बाहेर जायला नको. वरच्या टाकीत अजून पाणी चढवलंच नव्हतं, नळाला थेंब नाही. सगळं ऐकू गेलं असणार.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

निशा आली तेव्हा तिला धरलंच. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "काकू, हात गणपती उठल्यापासूनच यायला लागला होता. मी सांगणारच होते तुम्हाला. काकांनी हात जोडले माझ्यापुढं. दोन्ही जोडले हो. मग माझ्यानं सांगवेना. चुकलंच माझं."

तिला रागावले नाही. कालच सगळा राग संपला बहुतेक.

दिवसभर एकेक आठवतंय. बटणं त्यानंच लावली होती, माझ्या मागं, एकेक करून. पाचव्या पायरीवरचा तो खेळ त्याचाच होता. नळाचं पाणी येईल तेव्हा, मी बँकेत जाईन तेव्हा, मिळेल तेवढ्या वेळात तो खेळायचा आणि साठवून ठेवायचा. आणि मी रोज संध्याकाळी सगळं साफ करायची. परत तो पहिल्यापासून. "नको, संध्ये" म्हणाला होता, तर मी त्याला कुकीवर व्याख्यान दिलं. कपाळ माझं.

आणि राजकुमार खरंच बोलला होता. तेव्हाही तो पहिल्या खड्ड्यात पडायचा ते कुणाचा तरी नंबर यावा म्हणून. माझाही त्यानंच आणला असणार. मी एवढी वर्षं क्लासातली पहिली म्हणून मिरवत होते.

सगळ्यात वाईट हे वाटतं की तो राहिला म्हणून मला बरं वाटतंय. आत कुठंतरी मला तो जायला नको होता. घर परत मोकळं होईल ही भीती मी चेंडूवर, साइटवर, निशावर काढायची. त्याला ते पहिल्या आठवड्यातच कळलं असेल. मला काल कळलं.

पण वहिनीचं घर तिला खायला उठतं. ते मला ठाऊक आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

वहिनीला मीच बोलावून घेतलं. परत तेच, दादा खुर्चीत, वहिनी स्टुलावर. वहिनी आधीच डोळे पुसायच्या तयारीत.

मी दादाचा हात उचलला नाही. शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, ओलांड."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी जेवीन. बसून जेवीन. तुझ्या गळ्याची आण. तू ओलांड आता."

बराच वेळ त्यानं हात हलवला नाही. टोपीवाला खड्ड्याच्या काठावर पाय आपटत उभा. मग उजवा हात मांडीवरून उठला, वाटेत टेबलाच्या कडेला अडखळला, आणि बाणावर बसला. टोपीवाला पलीकडं गेला. त्याच्या पुढचा खड्डाही त्यानं ओलांडला.

वहिनी उठली, दादाचा तो हात कळांवरून उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तशीच उभी राहिली. खेळात टोपीवाला वाट बघून बघून पाण्यात पडला. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी सामान बांधलं. कीबोर्ड राजकुमारचा, तो इथंच ठेवला. गाडीत बसताना दादानं खिडकीची काच खाली करायला लावली. "भाऊबीज," म्हणाला. मग श्वास घेऊन, "येतो." म्हटलं, येच तू, निळ्या किल्ल्याच्या पुढं काय आहे ते दाखवल्याशिवाय ओवाळायची नाही. एका गालात हसला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. घर भयंकर शांत आहे. चेंडू अजून सोफ्याखालीच आहे, काढवत नाही.

तो गेल्यापासून मशिनला हात लावला नव्हता, आज संध्याकाळी साफ करायला बसले. बोटं कंट्रोल-शिफ्ट-डिलीटवर गेली आणि थांबली. दादाचा खेळ आत आहे, जायच्या सकाळी परत पहिल्यापासून खेळून त्यानं निळ्या किल्ल्यात साठवून ठेवलाय. राहू दिला. आयुष्यात पहिल्यांदा घाण मशिन तसंच ठेवून उठणार, म्हटलं होईल ते होईल.

मग माझा वेगळा खेळ लावला, पहिल्यापासून. किल्लीचं चित्र आलं. दादानं जाण्याआधी माझ्याकडून आकडे पाठ करून घेतलेत, चुकले की टेबलावर टिचकी मारायचा. बरोबर दाबला. मन ठिकाणावर नव्हतं आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. तो रडका सूर वाजला. सवयीनं अर्धी उठले. मागं कुणी नव्हतं, खुर्ची सोडायची कुणासाठी. परत बसले.

भाकरी गरम होती. वहिनीनं दिलेली चटणी, वर तेल, कांदा फोडून. ताट कीबोर्डच्या शेजारी ठेवलं आणि टोपीवाल्याला खड्ड्यापाशी उभं करून सावकाश जेवले. अर्धी नाही, सगळी.

भांडं विसळत होते तेव्हा दादाचा फोन आला. मागं वहिनीचा आवाज, दुकानाचं काहीतरी. "जेवली?" म्हणाला. व्हय म्हटलं. आज खोटं बोलावं लागलं नाही.